चोचीएवढा घोट

प्रिय बडबडे,

दोन गल्ल्या सोडून राहते आणि पत्र पाठवते, म्हातारीचं डोकं फिरलं, असं तुला वाटेल. वाटू दे. समोर येऊन सांगितलं असतं तर दोनातलं एक झालं असतं. मी तुला शिव्या घातल्या असत्या, नाहीतर तू माझा हात धरून डोळे मिटले असतेस आणि प्रार्थना सुरू केली असतीस. हल्ली कुणी खरं बोलायला लागलं की तू प्रार्थना सुरू करतेस. समोरच्याला गप्प करायची ती चांगली युक्ती आहे, तुझ्या आजोबांनाही येत होती. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच आमेन म्हणून थांबवता येत नाही.

माझी शाळा तिसरीपर्यंत, तुला माहीतच आहे. अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. हे लिहायला चार दिवस लागलेत, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुझ्या काकूला वाटतं मी मृत्युपत्र लिहिते आहे. दोनदा चहा आणून दिला तिने, एरवी मागितल्याशिवाय मिळत नाही. मीही तिला काही सांगितलं नाही. गुडघा तसाच आहे. न्हाणीघराचा नळ तसाच गळतो आणि तुझा काका रोज उद्या बघतो म्हणतो.

तुझ्या बापाने सांगितलं की तू पाळकपदाच्या राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला आहेस, आणि येत्या रविवारी प्रभुभोजन झालं की चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर तो वाचणार आहेस. सांगताना तो रडला. तो लहानपणापासून रडका. मी रडले नाही. तुला अडवायलाही हे लिहीत नाही. पोटासाठी माणूस काहीही करू शकतो, तू तर शिकलेली आहेस. पाळक होऊन कुणी सोन्याच्या ताटात जेवलेलं मी पाहिलं नाही. जायचं असेल तर जा. फक्त मागच्या गल्लीने जाऊ नकोस.

कळलं ना मी काय म्हणते. चर्चमध्ये मी प्रभुभोजनाचे पेले धुते त्या खोलीची खिडकी मागच्या गल्लीवर उघडते आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत. चार महिने झाले, तू पुढच्या दाराने बाहेर पडत नाहीस. कारण पुढच्या दारासमोर रस्त्यापलीकडे शिवणवालीचं दुकान आहे, आणि शिवणवाली दिवसभर मशीन घेऊन दारातच बसते.

तिची पोर सात वर्षांची होती. रक्ताचा आजार. तू दर बुधवारी तिच्या घरी जायचीस, दवाखान्यात रांगेत उभी राहायचीस, ते सगळं मी पाहिलं आहे आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पण एका रविवारी तू व्यासपीठावर उभी राहून म्हणालीस की पुढच्या महिन्यात ही पोर पहिल्या बाकावर बसून आपल्याबरोबर गाईल, मी शब्द देते. बये, तो शब्द तुझ्या खिशात नव्हता. मंगळवारी पोर गेली. तू तिची माती केलीस, कबरीजवळ प्रार्थना म्हणताना आवाज एकदाही हलला नाही, लोक म्हणाले काय धीराची आहे. त्यानंतर तू तिच्या आईच्या दारात एकदाही गेली नाहीस. पहिल्या बाकावर आता कुणी बसत नाही. तू उपदेश करतेस तेव्हा त्या बाकाच्या डोक्यावरून मागे बघतेस.

आणि वर तुझ्या बापाला म्हणालीस, मी आजोबांसारखी नाही, त्यांची आशा कधी ढळली नाही, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तुझ्या आजोबांचा फोटो पाळकांच्या खोलीत लावलाय, हार घालायचाच तेवढा राहिलाय. त्या फोटोकडे बघून तू पाळक झालीस. आता त्याच फोटोकडे बघून सोडते आहेस. तेव्हा त्या फोटोतल्या माणसाबद्दल चार गोष्टी सांगते. काही जुन्या लोकांना माहीत आहेत पण आता कुणी काढत नाही, बाकीच्या मी तुझ्या बापालाही सांगितल्या नाहीत.

तुझा बाप चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. नदीकाठी कापड रंगवायचा कारखाना होता, आता तिथे गोदामं आहेत. आपल्या मंडळीतली अर्धी माणसं तिथेच कामाला. त्यांच्या नखांत रंग असायचा, रविवारी हात घासून यायचे तरी गाण्याच्या पुस्तकांवर निळी बोटं उठायची. तिथला बॉयलर जुना झाला होता. शनिवारी सगळे गडी आपल्या अंगणात जमले, म्हणाले सोमवारी आम्ही आत जाणार नाही. तुझे आजोबा मालकाकडे गेले. मालकाने खुर्ची दिली, सरबत दिलं, महिनाअखेर दुरुस्त करतो म्हणून वचन दिलं. हे इतके खूश होऊन आले की विचारू नकोस. रविवारी व्यासपीठावरून सांगितलं, वचन मिळालं आहे, धीर धरा, आशेने कामावर जा. गेले सगळे. गुरुवारी बॉयलर फुटला. नऊ माणसं गेली. मी त्या दिवशी गोधड्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर निळी राख पडली. धुतल्या तरी तो रंग गेला नाही.

चौकशी झाली. ठरलं काय, तर चूक बॉयलर सांभाळणाऱ्या गड्याची, बॉयलरवाल्याची. त्याने वाफेच्या दाबाच्या काट्याकडे लक्ष दिलं नाही. तो मेलेलाच होता, त्याला काय विचारणार. सगळ्यांना बरं पडलं. त्याच्या बायकोला नळावर बाया जागा देईनात. तिची दोन पोरं शाळेतून मार खाऊन यायची.

तुझ्या आजोबांनी नऊ जणांची माती केली, त्यांचाही आवाज हलला नाही. आणि पुढच्या रविवारपासून आशेवर असे बोलायला लागले की बाहेरगावची माणसं ऐकायला येऊ लागली. लोक अजून सांगतात ना, काय बोलायचे पाळकसाहेब, ती सगळी भाषणं त्याच तीन वर्षांतली. घरात मात्र किटलीचं झाकण खडखडलं की उठून बाहेर जायचे. मी झाकण काढूनच ठेवलं. पाणी उशिरा उकळायचं, पण माणूस घरात राहायचा.

आता पेल्यांचं ऐक. मी लग्न होऊन आले तेव्हापासून प्रभुभोजनाचे पेले मी धुते. पाळकीण म्हणून मला तेवढंच काम दिलं होतं, कारण मला पेटी वाजवता येत नव्हती आणि बायकांच्या सभेत मी बोलले की बायका घरी निघून जायच्या. बोटाच्या पेराएवढे काचेचे पेले, लाकडी तबकात चाळीस भोकं, मधलं भोक पाळकाचं. सकाळी मीच चोचीच्या किटलीने द्राक्षाचा रस भरते आणि उपासना संपली की मीच धुते. सगळ्यांना देऊन झालं की पाळक शेवटी मेजाकडे तोंड करून आपला पेला घेतो. तेव्हा मंडळीचे डोळे मिटलेले असतात, म्हणून तो पितो की नाही ते कुणी बघत नाही. पण धुणाऱ्या बाईपासून काही लपत नाही. कोण लाली लावून आलं, कुणाच्या हिरड्यांतून रक्त येतं, कुणी नुसतं तोंडाला लावून ठेवलं, सगळं मला माहीत असतं.

बॉयलरनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मधला पेला काठोकाठ भरलेला परत आला. मला वाटलं विसरले. दुसऱ्या महिन्यात परत तसाच. तिसऱ्या महिन्यात मला कळलं. उरलेला रस मोरीत टाकायचा नसतो, भिंतीकडच्या मातीत ओतायचा असतो. तीन वर्षं मी दर महिन्याला नवऱ्याचा पेला तिथे ओतला. तिथे काही उगवलं नाही, उगाच मनात काही आणू नकोस. तिथे नुसता मुरूम आहे.

मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. एका ताटलीतलं लोणचं खायचो आणि ही एवढी गोष्ट मध्ये असायची. हल्ली लोक म्हणतात नवरा-बायकोने सगळं बोलावं. आम्ही नाही बोललो. त्याचा मला अभिमान नाही.

मग बॉयलरवाल्याची बायको आजारी पडली. हे स्वतः गेले नाहीत. मला म्हणाले, तू जाऊन ये आणि सांग की आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहोत, आशा सोडू नकोस. मी गेले, सांगितलं. ती अंथरुणातून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, देवाचं दुकान तुमच्या घरात आहे पाळकीणबाई, आमच्यात आता गिऱ्हाईक उरलं नाही. मी परत येताना रस्ताभर जळत होते. तिच्यावर नाही.

त्या रविवारी मी एकोणचाळीस पेले भरले आणि मधला रिकामाच ठेवला. नाहीतरी मातीतच जायचा, वाया कशाला घालवू. यांनी उचलला आणि हात थांबला. काचेला वजन नव्हतं ना. किती वेळ तसेच पाठमोरे उभे होते. मंडळीला वाटलं पाळकसाहेब प्रार्थनेत आहेत. मग ओठाला लावल्यासारखं केलं आणि ठेवला.

सगळे गेल्यावर खोलीत आले. मी पेले विसळत होते. कधीपासून माहीत आहे, म्हणाले. मी म्हटलं, तिसऱ्या पेल्यापासून. मग पालथ्या बादलीवर बसले आणि मला ते सांगितलं जे कुणालाच माहीत नव्हतं. बॉयलर फुटायच्या आदल्या संध्याकाळी बॉयलरवाला एकटा त्यांच्याकडे आला होता. काटा चढतो आहे, मला आत जायचं नाही, बाकीच्यांनाही थांबवा म्हणाला. हे म्हणाले, मालकाने शब्द दिलाय, महिनाअखेरपर्यंत कळ काढ. त्याला दारापर्यंत पोचवून पाठीवर हात ठेवला. आणि चौकशीत त्या माणसावर ठपका आला तेव्हा हा माणूस गप्प बसला. तीन वर्षं गप्प. व्यासपीठावर तोंड उघडायचं आणि इथे गप्प. म्हणाले, ज्या तोंडाने त्याला आत पाठवला त्याला हा पेला कसा लावू. मी पाळकी सोडतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणू.

हो, तेच शब्द. तू परवा बोललीस आणि तुझ्या बापाने मला येऊन सांगितलं, तेव्हा मी त्याला ते परत एकदा म्हणायला लावलं.

मला राग आला होता म्हणून मी बोलले, शहाणपणा म्हणून नाही. म्हटलं, आड तुमचा कधीपासून झाला. तुम्ही पोहरा. खाली सोडलं की जायचं, ओढलं की यायचं. पाणी आहे की नाही याची काळजी ज्याने आड खणला तो करेल. तुम्ही भोक पडलेला पोहरा आहात, आधी ते बुजवा. कसं बुजवायचं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. आणि बादलीवरून उठा, मला पाणी भरायचं आहे.

पुढच्या रविवारी उपदेशाच्या जागी त्यांनी ते सांगितलं. बॉयलरवाला माझ्याकडे आला होता, त्याची चूक नव्हती, मी त्याला परत पाठवला आणि मग मी भ्यालो. एवढंच. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लोक बाकांवरून उठून गेले, काही तर आयुष्यभरासाठी गेले. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी दोन महिने आमच्याशी बोलणं टाकलं. तुझ्या बापाला शाळेत मार खायची पाळी आली, त्याचं रडकेपण तिथून आहे बहुतेक. हे मी गोड करून सांगत नाही. खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात, मला तर धान्याचा डबा मोकळा झालेला आठवतो.

त्यानंतर प्रभुभोजन आलं. मी मधला पेला भरला. परत आला तेव्हा बघते तर रस थोडा खाली गेलेला. चिमणीने चोच बुडवावी तेवढाच. काचेवर ओठाचा ठसा होता. मी तो पेला सगळ्यात शेवटी धुतला.

मग ते दर सोमवारी त्या नऊ घरांत जायला लागले. काय बोलू म्हणाले, मी म्हटलं तोंड बंद ठेवा, आजवर त्यानेच घात केलाय. एका घरी त्यांनी दाराची कडी बसवली. एका घरी शिव्या खाल्ल्या. एका म्हाताऱ्याला वाटलं वर्गणी मागायला आलेत, त्याने झोपेचं सोंग घेतलं. नववं घर बॉयलरवाल्याच्या बायकोचं. तिने दार उघडलं नाही. नवऱ्याचं नाव धुतलं गेलं होतं, नळावर आता बाया तिला पुढे उभं करायच्या, तरी नाही उघडलं. का उघडावं तिने. हे पायरीवर तासभर बसून यायचे. एकदा तिने वरून खरकटं पाणी ओतलं, ओला सदरा मी धुतला. दोन वर्षांनी एका सोमवारी पायरीजवळ एक स्टूल ठेवलेलं होतं. आतून म्हणाली, पायरी झिजते. बस, त्यांच्यात एवढंच बोलणं झालं. मरेपर्यंत, सोळा वर्षं, ते सोमवारी त्या स्टुलावर जाऊन बसत होते. दार उघडलं नाही ते नाहीच. ती त्यांच्या मातीलाही आली नाही. पुढच्या सोमवारी मी मुद्दाम तिकडून गेले. स्टूल तरीही पायरीजवळ मांडलेलं होतं.

तुझ्या आजोबांची न ढळलेली आशा ती ही. आणि पेला शेवटपर्यंत तेवढाच. चिमणीच्या चोचीएवढा. मी वाट बघितली, कधीतरी पुरता संपवतील म्हणून. नाही संपवला. लोक म्हणायचे पाळकसाहेब म्हणजे आशेचा डोंगर. मी भांडी घासत ऐकायची आणि मनात म्हणायची, डोंगर कसला, घोटभर पण नाही. पण तो घोट खरा होता. आधीच्या तीन वर्षांतल्या एवढ्या मोठ्या भाषणांत तो नव्हता.

पत्र ज्या पिशवीत आहे त्याच पिशवीत प्रभूच्या मेजावरचं पांढरं कापड आहे. त्याची एका बाजूची सगळी दुमड सुटली आहे. रविवारच्या आत शिवून हवं. लोंबत्या कापडावर मी तबक ठेवणार नाही, ते पायात येईल. तुझ्या काकूला सुई धरता येत नाही आणि माझा गुडघा रस्ता ओलांडू देत नाही. अख्ख्या वस्तीत शिवण मशीन एकच आहे. तेव्हा तूच घेऊन जा, पुढच्या दाराने. ती हाकलेल, नाहीतर बघणारच नाही, नाहीतर बोलेल ते तुला ऐकवणार नाही. प्रार्थना करू नकोस. समजावू नकोस. शब्द देऊ नकोस, दिला होतास तो आधी परत घे. शिवून होईपर्यंत बस. बसायला जागा नाही दिली तर उभी राहा, पाय तरुण आहेत. आणि ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून सांगते. ती दुमड आपोआप सुटली नाही. परवा दुपारी मी कात्री घेऊन एकेक टाका काढला. कापड चांगलं होतं.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते. तुझा कागद तू लिहायच्या आधीच मी वाचला होता. तुझी पोर गेली, म्हणजे तिची पोर गेली, त्यानंतर चार प्रभुभोजनं झाली, आणि चारही वेळा मधला पेला काठोकाठ भरलेला परत आला. चारही वेळा मी तो भिंतीकडच्या त्याच मुरमात ओतला. एकदा गप्प बसून मी तीन वर्षं घालवली होती, या वेळी चार महिन्यांतच बोलते आहे, एवढी तरी सुधारले. तुझा पेला मी रिकामा ठेवणार नाही. आता माझं वय झालं, तेवढा राग पेलवत नाही. रविवारी मी त्यात चिमणीच्या चोचीएवढाच रस घालणार आहे. मग तुझा कागद वाच, नाहीतर फाड, ते तुझं तू बघ. तेवढा घोटही घशाखाली उतरला नाही तर राहू दे तसाच. मी खोलीत असेन, धुवायला.

तुझीच,
डोळे उघडे ठेवणारी आजी